केवढी टाकी घेऊ?

“तुमच्याकडे ती समुद्राच्या पाण्याची टाकी आहे ना? आम्हालाही घ्यायचीय. केवढी घेऊ?”

हे मला लिफ्टमध्ये विचारलं गेलंय, बारशाच्या पंगतीत विचारलं गेलंय, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं. तेव्हा उत्तर देता आलं नाही, ते बरंच झालं. कारण विचारणाऱ्याला आकडा हवा असतो आणि मी बादलीपासून सुरुवात करतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज सावकाश सांगतो.

माझी पहिली टाकी दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. घनफुटाला सव्वाअठ्ठावीस लिटर धरले तर बेचाळीस लिटर होतात. वाळू आणि दगड टाकल्यावर पस्तीसच उरले. “छोट्यापासून सुरू करा, जमलं तर वाढवा,” असं दुकानदार म्हणाला. शिवणकामात हा सल्ला चालतो, खाऱ्या पाण्यात उलटा पडतो. टाकीतून पाणी उडतं, मीठ उडत नाही. एप्रिल महिना, ठाण्याचा उकाडा, पाणी गार राहावं म्हणून टाकीवर छोटा पंखा लावलेला, आणि आम्ही चार दिवस गावाला. रोज साधारण लिटरभर पाणी उडालं असणार. परत आलो तेव्हा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं यंत्र, १.०२५ ऐवजी १.०२९ च्या पुढे सरकला होता. म्हणजे लिटरमागे पस्तीस ग्रॅम मिठाचं जवळजवळ चाळीस ग्रॅम झालं होतं. मी घाबरून चारही लिटर गोडं पाणी एका दमात ओतलं. दोन्ही क्लाउनफिश तगले. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी मात्र रात्रीतून गेली. खारेपणाचे असे हेलकावे माशापेक्षा कोळंबीला फार लवकर बाधतात, हे मला तिच्या मरणानंतर कळलं. आई म्हणाली, “एवढ्या पैशात अख्खं घर जेवलं असतं.”

त्यावर माणूस करतो तेच मी केलं, दुसऱ्या टोकाला गेलो. सगळे जाणकार सांगतात की मोठी टाकी सोपी, पाणी जास्त म्हणजे बदल हळू. बोलणं खरंच आहे. पाच फूट बाय दोन बाय दोन अशी टाकी करून घेतली, पाचशे पासष्ट लिटरची. बारा मिलिमीटरची काच, नुसत्या रिकाम्या टाकीचंच वजन शंभर किलोच्या वर. लिफ्टमध्ये ती मावणार नाही, हे ती इमारतीखाली आल्यावर लक्षात आलं. चार हमालांनी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवली आणि प्रत्येक वळणावर मला माझ्या कुळातले सगळे देव आठवले.

या टाकीत कोळंबी मेली नाही. मीच थकलो.

आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं असा साधा नेम आहे. पाचशे पासष्टचे दहा टक्के म्हणजे वीस लिटरचे जवळजवळ तीन जार. जार म्हणजे ऑफिसात कूलरवर उलटा ठेवतात तो. प्रत्येक जारचं पाणी आधी आरओतून काढायचं, कारण नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यातले क्षार आणि क्लोरीन टाकीत नकोत. घरच्या आरओच्या टाकीत एका वेळी आठ-दहा लिटर साठतं. त्याला मिनरल घालायची सोय असेल तर तीही बंद करावी लागते, आणि पुढे उरलेसुरले क्षार शोषणारं रेझिनचं आणखी एक नळकांडं जोडावं लागतं. मग जारमागे पाऊण किलो समुद्री मीठ घालून आदल्या रात्रीपासून छोट्या पंपाने घुसळत ठेवायचं. सकाळी टाकीतलं तेवढंच पाणी उपसून मोरीत ओतायचं, नवं भरायचं, आणि मग फरशी पुसायची. शनिवारी रात्री स्वयंपाकघरात प्यायला पाणी नाही आणि हॉलमध्ये तीन जार ढवळतायत. सहा महिने मी हे निष्ठेने केलं. मग पंधरा दिवसांनी करू लागलो, मग महिन्याने. माशांच्या घाणीतून साठणारं नायट्रेट वाढत गेलं आणि दगडांवर केसांसारखं हिरवं शेवाळ चढलं. पाणी जास्त असलं की बिघाड हळू होतो, पण होतोच.

(“समुद्र जवळ आहे, तिथूनच आणा की पाणी,” असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. ठाण्याला जवळ आहे ती खाडी. तिच्यात काय काय येतं ते पुलावरून गाडी जाताना नाकाला कळतं, आणि पावसाळ्यात ती धड खारीही राहत नाही.)

त्या टाकीचा शेवट वीज गेल्याने झाला. मोठ्या टाकीखाली स्टँडमध्ये सम्प असतो, म्हणजे दुसरी टाकी. वरून पाणी ओसंडून तिच्यात येतं, तिथे फेसाबरोबर घाण काढणारा स्किमर वगैरे असतात, आणि पंप ते परत वर चढवतो. पंप थांबला की वरचं थोडं पाणी खाली उतरणारच, म्हणून सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी ठेवायची असते. मी तीस लिटरची ठेवली होती. पण पाणी वर सोडणाऱ्या नळीचं तोंड पृष्ठभागाखाली अडीच इंच होतं. पंप बंद पडल्यावर त्याच नळीतून पाणी उलटं ओढलं जायला लागलं, आणि ते तोंड उघडं पडेपर्यंत थांबलं नाही. पाच बाय दोनच्या टाकीत एक इंच म्हणजे साडेतेवीस लिटर. अडीच इंचांचं गणित मी रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात, ओल्या पायजम्यात केलं. जवळजवळ तीस लिटर खारं पाणी हॉलभर पसरलं आणि सकाळपर्यंत खालच्या काकांच्या नव्या पीओपीतून टपकायला लागलं. साधं पाणी वाळून जातं. खाऱ्याने भिंतीला लोणा लागतो, रंग दिला तरी पापुद्रे सुटत राहतात. खर्च मी दिला. काका आजही बोलतात माझ्याशी, पण वर बघून बोलतात.

उपाय अगदी क्षुल्लक होता. पृष्ठभागाच्या जरा खाली त्या नळीला एक बारीक भोक पाडायचं. पाणी तिथवर उतरलं की नळीत हवा शिरते आणि ओढ तुटते. ते भोक आता आहे, फक्त टाकी दुसरी आहे.

ही तिसरी, तीन बाय दीड बाय दीड. एकशे नव्वद लिटर, आणि आठ वर्षं झाली. दहा टक्के म्हणजे एकोणीस लिटर, बरोबर एक जार. रविवारी चहा उकळेपर्यंत काम संपतं. वीज गेली तर इंचाला साडेदहा लिटर खाली येतात, ते सम्पमध्ये निवांत मावतात. दिवसाला लिटर-सव्वालिटर पाणी उडतं, पण एवढ्या पाण्यात एखादा दिवस गोडं पाणी घालायचं राहिलं तर कोणी मरत नाही. उंची दीड फूट, त्यामुळे हात तळापर्यंत पोचतो. दोन फुटी टाकीत पडलेला दगड सरळ करायला मी स्टुलावर चढून खांद्यापर्यंत बुडायचो. उंच टाकी दिसते देखणी, पण माशांना प्राणवायू मिळतो तो पाण्याच्या पृष्ठभागातून. तेवढ्याच लिटरमध्ये बसकी आणि रुंद टाकी केव्हाही बरी.

स्लॅबची काळजी बहुतेकांना असते. भरलेली तीन फुटी टाकी स्टँडसकट तीनशे किलोच्या घरात जाते, म्हणजे एका कोपऱ्यात चार धिप्पाड पाहुणे उभे. राहत्या खोल्यांसाठी आपल्याकडे चौरस मीटरला दोनशे किलो असा भार धरून स्लॅब करतात. टाकीखालच्या तेवढ्या जागेवर भार याहून जास्त पडतो, म्हणून ती भिंतीला लागून, बीमच्या जवळ ठेवा, खोलीच्या मधोमध नको. इमारत जुनी असेल किंवा टाकी चार फुटांच्या पुढे जाणार असेल, तर इंजिनिअरला दाखवा. माझं ऐकून ठरवू नका.

उन्हाळा हा मात्र आपल्याकडचा खरा शत्रू. या जिवांना पंचवीस-सत्तावीस अंश बरे वाटतात आणि ठाण्यात मे महिन्यात खोलीच बत्तीसवर असते. पंखा पाणी उडवून गारवा आणतो, पण हवेतच ओल असली की पाणी उडणार किती? नागपुरात कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही, तेच शास्त्र. पुण्यातल्या माझ्या मित्राचं पंख्यावर भागतं. मला चिलर घ्यावा लागला. तो टाकीतली उष्णता काढून खोलीत फेकतो, म्हणजे मासे गार आणि आम्ही गरम. टाकी जेवढी मोठी तेवढा चिलर मोठा आणि बिलही, हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही.

आता मासे. दुकानात दोन इंचांचा मासा दिसतो, पण टाकी पूर्ण वाढलेल्या माशाच्या मापाने घ्यायची. मुलांना ‘फाइंडिंग निमो’ सिनेमातले निमो आणि डोरी दोन्ही हवे असतात. निमो, म्हणजे क्लाउनफिश, तीन-साडेतीन इंचांत थांबतो, एका जागी घुटमळतो, आणि त्याची पैदास टाकीतही होते, आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या (सीएमएफआरआय) शास्त्रज्ञांनी ती करून दाखवली आहे. जोडी घ्या. सगळे नर म्हणून जन्मतात आणि जोडीत जो वरचढ ठरतो त्याची मादी होते; आमच्या घरात यावर बरीच चर्चा झाली आहे. डोरी, म्हणजे निळा टँग, फूटभर वाढतो आणि दिवसभर लांबलांब पोहतो. त्याला सहा फुटांच्या आत कोंडू नये. माझ्याकडे क्लाउनफिशची जोडी, एक वाळू उपसणारा गोबी मासा आणि दोन कोळंब्या आहेत. आठ वर्षांत नवीन मासा आणायचा मोह चाळीस वेळा झाला असेल.

पोवळ्यांचं विचारू नका. समुद्रातली दगडी पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. “ओळखीतून मिळतील” असं कोणी म्हणालं तर दुकान बदला. त्यांच्या जागी मी सच्छिद्र कोरडा दगड वापरतो. महिना-दीड महिना टाकी माशांविना चालवली की त्यात जिवाणू वस्ती करतात, माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, आणि मग दगड कुठून आला ते मासे विचारत नाहीत.

तर केवढी? माझं उत्तर तीन बाय दीड बाय दीड. जागा नसेल तर दोन बाय दीड बाय दीड, त्याच्या खाली नाही. पण काचवाल्याला फोन करायच्या आधी वीस लिटरचा एक जार विकत आणा. सलग चार रविवार तो भरा, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये न्या, तासभर ठेवा आणि मोरीत ओता. तेवढ्या पाण्यात घरातल्या फरश्या पुसल्या तरी चालेल.

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या सावंत वहिनींनी हे अगदी मनावर घेतलं. दोन रविवार केलं. तिसऱ्या रविवारी भावाच्या मुलाचं लग्न होतं. जार आता त्यांच्या गॅलरीत आहे, त्यात मनीप्लँट छान वाढलाय.