तांबड्या ट्रेची तासिका

माध्यमिक शाळेतील संसाधन कक्षात, म्हणजे दिव्यांग विद्यार्थ्यांना अडलेला भाग वेगळा शिकवण्याच्या खोलीत, बाहेरून डोकावणाऱ्याला एकच वर्ग दिसतो. प्रत्यक्षात तेथे एका तासिकेत तीन-चार इयत्तांचे तितकेच विषय चाललेले असतात. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी विशेष शिक्षिका आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले असले, तरी माझ्या कक्षातील गट प्रमाणपत्रावरून पडत नाहीत. ज्या विद्यार्थ्याला आपल्या वर्गातून ज्या तासिकेला सोडता येते, त्या तासिकेला तो येतो, आणि जो विषय अडला असेल तो घेऊन येतो.

तिसऱ्या तासिकेला पाच जण असतात (नावे बदलली आहेत). सहावीतला ओंकार जोडाक्षरांपाशी अडतो. आठवीतल्या रुक्सारला अंधुक दिसते, त्यामुळे बैजिक राशींची उदाहरणे ती मोठ्या अक्षरांत, तिरक्या फळीवर सोडवते. नववीतल्या वेदिकाला संख्यांचा अंदाजच येत नाही, आदित्य स्वमग्न आहे, आणि प्रथमेश बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा. त्याला फिट येतात व गोळ्या चालू आहेत. या सर्वांना एकाच वेळी शिकवणे कोणालाही शक्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून कामांचे तीन ट्रे केले आहेत : निळ्यात एकट्याने करायचा सराव, हिरव्यात जोडीने करायचे काम, आणि तांबड्यात माझ्यासोबत शिकायचा नवा भाग. एका वेळी तांबडा ट्रे एकाच विद्यार्थ्यापुढे असतो. निळ्यातले काम मात्र ज्याचे त्याला आधीच येत असलेलेच हवे, नाहीतर प्रत्येक हात वर होतो आणि ट्रे नावापुरते उरतात.

त्या दिवशी तांबडा ट्रे प्रथमेशपुढे होता. आकाराने मोठे नाणे ते मोलानेही मोठे, अशी त्याची समजूत आहे, आणि दोन रुपयांचे जुने नाणे पाचाच्या नाण्यापेक्षा खरोखरच मोठे असल्यामुळे ती खोडून काढणे सोपे नाही. पाच रुपयांचे खोडरबर घेण्यासाठी तो मोठे नाणे उचलत असतानाच त्याची बोटे आखडली, मान एका बाजूला वळली आणि तो खुर्चीवरून घसरू लागला. त्याला सावरत जमिनीवर निजवले, आजूबाजूच्या खुर्च्या सरकवल्या, डोक्याखाली ओढणीची घडी ठेवली. झटके येत असताना मुलाला दाबून धरायचे नसते आणि तोंडात काहीही घालायचे नसते; वेळ मात्र मोजावीच लागते, कारण पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर १०८ ला फोन करावा लागतो. माझ्याकडून घड्याळाकडे पाहणे होईना. घड्याळासमोर वेदिका बसली होती, म्हणून तिलाच म्हटले, "काटे कुठे आहेत ते वहीत मांडून ठेव."

ओंकार शेजारच्या वर्गातील सरांना बोलावण्यास धावला. त्याची जोडीदार वेदिकाच असल्यामुळे हिरव्या ट्रेचे काम तेथेच थांबले, आणि ते साहजिकच होते. रुक्सारने आदित्यच्या दृश्य वेळापत्रकावरील पुढचे चित्र काढून त्या जागी 'बदल' हे कार्ड लावले. अचानक मोडलेला क्रम त्याला तोंडी सांगून पटत नाही, हे तिने रोज पाहिलेले आहे. तरीही तो कानांवर हात ठेवून मोठ्याने गुणगुणत राहिला, पण कोपऱ्यातल्या चटईवर जाऊन बसला, दाराबाहेर पळाला नाही. रुक्सार फळीपाशी परतली आणि तिने पुढचे उदाहरण लिहायला घेतले. तेवढ्यात शिपाईमामा फोडलेला कांदा घेऊन हजर झाले. त्यांच्या काळजीबद्दल मला शंका नव्हती. कांदा बाहेर ठेवून पालकांना फोन लावावा, अशी मी त्यांना विनंती केली.

झटके ओसरल्यावर प्रथमेशला कुशीवर वळवले, तोंडातली लाळ पुसली. तो पुरता भानावर यायला मात्र बराच वेळ लागला. नंतर वेदिकाची वही पाहिली. तिने आकडे लिहिलेच नव्हते. दोन वर्तुळे काढून तिन्ही काटे जसे दिसले तसे रेखाटले होते. दुसऱ्या चित्रात मिनिटकाटा मिनिटांची दोन बारीक घरे पुढे, आणि सेकंदकाटा चारावरून दहावर : अडीच मिनिटे. घाबरलेल्या माणसाला एवढा वेळ सहज दहा मिनिटांचा वाटतो, आणि मग डॉक्टरांना तसेच सांगितले जाते. वहीचे ते पान प्रथमेशच्या वडिलांबरोबर दवाखान्यात पाठवले.

वेदिकाच्या गणिताला त्यातून वाट मिळाली. दोन वेळांची वजाबाकी तिला आकड्यांत जमत नव्हती, ती आता चित्रातली घरे मोजून जमू लागली आहे. दहावीच्या परीक्षेत तिला तासाला २० मिनिटे भरपाई वेळ मिळू शकेल, पण घड्याळ वाचता येत नसेल तर त्या सवलतीचा तिला पुरेसा उपयोग होणार नाही. म्हणून तिच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात आता दशांश अपूर्णांकांच्या आधी घड्याळ घेतले आहे.

मुख्याध्यापकांना दिलेल्या अहवालात कक्षासाठी मदतनिसाची मागणीही जोडली आहे. ती मंजूर होईपर्यंत तांबड्या ट्रेचे टेबल खिडकीजवळून काढून दाराशी आणले आहे, म्हणजे कोणाला पाठवण्याची गरज न पडता माझी हाक शेजारच्या वर्गात ऐकू जाईल.