तुम्ही विचारलंत म्हणून: नेपाळसाठी पंधरा दिवस

"दिवाळीला पंधरा दिवस मिळतायत. काठमांडूची देवळं आणि तिथले सणही बघायचेत, एक चांगला ट्रेकही करायचाय. दोन्ही कसं बसवायचं?" गणपती गेले की हा प्रश्न मला दरवर्षी येतो. विचारणारे बहुतेक सह्याद्रीत भरपूर फिरलेले असतात. सोबत त्यांनी केलेला तक्ता असतो: तारीख, गाव, अंतर, चालायचे तास. एकही रकाना मोकळा नसतो.

माझं उत्तर दर वेळी एकच असतं. पंधरापैकी तीन दिवस आधी कोरे ठेवा, मग उरलेले बारा भरा. एक कोरा दिवस काठमांडूच्या खोऱ्यात, दोन डोंगरात. लोकांना वाटतं, दरड कोसळली किंवा विमान चुकलं तर हाताशी असावेत म्हणून मी हे सांगते. तो उपयोग होतोच, पण माझं कारण वेगळं आहे.

२०१२ साली मी पहिल्यांदा लांगटांगला, म्हणजे काठमांडूच्या उत्तरेकडच्या हिमालयातल्या खोऱ्यात, गेले ती आठ दिवसांत सगळं उरकायच्या बेताने. काठमांडूत अर्ध्या दिवसात पशुपतिनाथ आणि स्वयंभू, दुसऱ्या दिवशी दिवसभराच्या बसने स्याब्रुबेसी, आणि मग सरळ चढाई. लांगटांग गावात पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. डोकं फुटेल असं दुखत होतं, अन्न पाहवत नव्हतं. निळ्या खिडक्यांचं एक लाकडी घर होतं. तिथल्या आमाने, म्हणजे घरच्या आईने, मला चुलीजवळ बसवलं, लसणाचं कढत सूप दिलं, रात्री दोनदा उठून माझ्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. सकाळी सोबत्यांनी मला खाली न्यायचं ठरवलं आणि ते बरोबरच होतं. पैसे दिले, हात जोडले, निघाले. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

उंचीचं सांगायलाच हवं, कारण आपल्याकडचे ट्रेकर इथेच फसतात. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर. लांगटांगची वाट सुरू होते ते स्याब्रुबेसी साधारण दीड हजारावर आहे. म्हणजे आपल्या राज्यातली सगळ्यात मोठी उंची जिथे संपते, जवळपास तिथून पहिलं पाऊल पडतं. पहिला मुक्काम लामा हॉटेल (हे एका हॉटेलचं नाव नाही, चहाघरांची, म्हणजे ट्रेकर्सना खोली आणि जेवण देणाऱ्या घरांची, छोटी वस्ती आहे), उंची अंदाजे २,४०० मीटर. पुष्कळ जण तिथून दुसऱ्या दिवशी थेट ३,४३० मीटरवरच्या लांगटांग गावात जातात. एका दिवसात हजार मीटर. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज तीनशे ते पाचशे मीटरांपेक्षा जास्त वर नेऊ नये, हा साधा नियम त्यात मोडतो. दर रविवारी हरिश्चंद्रगड चढणाऱ्यालाही विरळ हवा सोडत नाही. उलट दमदार माणूस भरभर वर जातो आणि जास्त लवकर अडचणीत येतो. म्हणून घोडातबेलाला, साधारण तीन हजारांवर, एक रात्र काढा. लांगटांगला दोन रात्री. मग ३,८७० मीटरवरच्या क्यांजिन गोम्पाला दोन. डोकं दुखायला लागलं तर वर जायचं नाही, वाढलं तर खाली उतरायचं. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या, पण गोळी घेतली म्हणून वेग वाढवू नका.

आता तारखा. नेपाळचं कॅलेंडर आपल्या पंचांगाशी इतकं जुळतं की आखणी आपल्याला सोपी जाते. आपल्या नवरात्रात त्यांचं दसैं असतं. त्या दिवसांत सगळा देश आपापल्या गावी जातो, बसमध्ये उभं राहायलाही जागा मिळत नाही, गाइड आणि भारवाहक घरी असतात, आणि त्यांनी असावंच. दसैं टाळा. आपल्या दिवाळीत तिहार येतं, आकाश निवळलेलं असतं, हिमशिखरं सकाळी लख्ख दिसतात. माझा सल्ला असा की आल्यावर दोन रात्री खोऱ्यात राहा, मग डोंगरात जा, आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवसापर्यंत खाली परत या. डोंगरातून दमून, मळक्या कपड्यांनी आलेला माणूस पणत्यांनी भरलेल्या गल्लीत शिरतो तेव्हा त्याला ती दिवाळी वेगळी दिसते.

आणि ठामेलमध्ये, म्हणजे काठमांडूतल्या पर्यटकांच्या वस्तीत, राहू नका. सामान भाड्याने घ्यायला तिथे जरूर जा, पण झोपायला खोऱ्यातल्याच भक्तपूर या जुन्या शहरात. दिवसा येणाऱ्या गाड्या संध्याकाळी निघून जातात आणि शहर तिथल्या नेवार लोकांचं, म्हणजे खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांचं, होतं. पहाटे बायका पूजेची ताटं घेऊन निघतात, १७०२ साली बांधलेल्या पाच छपरांच्या न्यातपोल देवळाच्या पायऱ्यांवर म्हातारे ऊन खात बसतात, कुंभारांच्या चौकात मडकी वाळत घातलेली असतात. जुजु धौ, म्हणजे दह्यांचा राजा, मातीच्या वाडग्यातच खा. आणि तचपाल टोल नावाच्या वस्तीत जा. तिथे दत्तात्रेयाचं मोठं देऊळ आहे, पंधराव्या शतकातलं. एकाच झाडाच्या लाकडातून बांधलं असं तिथले लोक सांगतात. २०१८च्या फेरीत माझ्या सासूबाई खोऱ्यापुरत्या आमच्याबरोबर होत्या. नरसोबाच्या वाडीला दरवर्षी जाणाऱ्या बाई. इतक्या लांब दत्ताचं देऊळ आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. ओट्यावर बसून त्या "दिगंबरा दिगंबरा" म्हणायला लागल्या, तेव्हा शेजारी बसलेल्या नेवार आजींनी आपल्या ताटातली फुलं उचलून त्यांच्या ओंजळीत घातली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सासूबाई तिथून दीड तास उठल्या नाहीत. त्या दिवशी आणखी दोन ठिकाणं बघायची ठरली असती, तर मीच त्यांना उठवलं असतं.

तिहारमध्ये कावळ्याला एक दिवस, कुत्र्याला एक दिवस. कुकुर तिहारला रस्त्यावरच्या बेवारस कुत्र्याच्याही गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळाला टिळा असतो. आपल्या दिवाळीच्या पाडव्याला नेवारांचं नवं वर्ष, नेपाळ संवत, सुरू होतं आणि त्या रात्री घरोघरी म्ह पूजा होते. जमिनीवर प्रत्येक माणसासाठी एकेक मंडल काढतात आणि प्रत्येक जण स्वतःच्या देहाची, स्वतःतल्या जीवाची पूजा करतो. दुसऱ्या दिवशी भाइटीका. बहीण भावाभोवती तेलाची धार धरते, उंबऱ्यापाशी अक्रोड फोडते, सात रंगांचा टिळा लावते आणि न कोमेजणाऱ्या मखमलीच्या फुलांची माळ घालते. आपल्या भाऊबीजेच्या औक्षणाचं हे सख्खं भावंड आहे. हे बघायचं तर घरगुती गेस्ट हाउसमध्ये राहा आणि घरच्या बाईला आधी विचारा. बोलावलं तर फळं आणि मिठाई घेऊन जा, आणि फोटोचं विचारल्याशिवाय करू नका.

कागदपत्रं आणि पैसे यांचं थोडक्यात. भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, आधारवर विसंबू नका. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये. लांगटांगचा भाग राष्ट्रीय उद्यानात येतो, त्याचा परवाना लागतो. गाइड घ्या. २०२३मध्ये परदेशी ट्रेकर्ससाठी तसा नियमच झाला, पण नियम नसता तरी मी हेच म्हटलं असतं. शक्यतो रसुवा जिल्ह्यातलाच, तामांग किंवा लांगटांगचा माणूस शोधा. वाटेतल्या मणी भिंतींवर कोरलेले मंत्र तो वाचून दाखवतो. भिंत आपल्या उजव्या हाताला ठेवून चालायचं, हे तुमच्या लहान मुलालाही एका दिवसात शिकवतो. जिथे झोपाल तिथेच जेवा. चहाघरांची खोली स्वस्त असते कारण घर चालतं ते तुमच्या दाल-भातावर. आणि क्यांजिनच्या चीजला सगळे याकचं म्हणतात, पण याक हा नर. दूध देते ती त्याची मादी नाक किंवा संकरित चौंरी. हे तिथल्या बायका हसत हसत सांगतात.

लांगटांगला दोन रात्री का, हे मात्र सांगायचं राहिलं.

२५ एप्रिल २०१५ला दुपारी बाराच्या सुमारास भूकंप झाला आणि वरून बर्फ, दगड, हवेचा लोट एकदम खाली आला. जुनं लांगटांग गाव जवळजवळ सगळं गाडलं गेलं. कड्याच्या आडोशाला असलेलं एक घर तेवढं उभं राहिलं. आज वाट त्या दगडगोट्यांच्या पठारावरून जाते आणि पलीकडे नवं गाव आहे. गेलेल्यांच्या नावांचं स्मारक तिथे आहे. २०१८ला मी त्यापुढे उभी राहिले. नावं वाचत गेले आणि शेवटपर्यंत पोचल्यावर लक्षात आलं की मी कोणाचंही नाव शोधू शकत नाही.

गाइडने विचारलं, "कोणाला शोधताय, दिदी?" मी म्हटलं, निळ्या खिडक्यांच्या घरातल्या आमांना. त्याने मला गावातल्या एका म्हातारीकडे नेलं. तो दिवस आमचा कोरा होता, कुठे पोचायचं नव्हतं. तिने मीठ-लोण्याचा चहा ओतला, मी सांगितलं ते सगळं गाइडच्या तोंडून ऐकून घेतलं. चूल कोणत्या बाजूला होती, दारात काय होतं, असं विचारत राहिली. मग म्हणाली की निळ्या खिडक्यांची घरं तीन होती. तिन्ही घरांतल्या बायकांची नावं तिने एकेक करून सांगितली, प्रत्येकीबद्दल थोडं थोडं बोलली. मी तिन्ही नावं वहीत लिहून घेतली.