‘किंवा त्यानंतरचा कोणताही बदल’

वाळूत रुतलेले जहाज सोडवण्याच्या खर्चाची वाटणी कशी करायची, यावरचा आमचा दावा मिटून काही वर्षे झाली, पण 2023 साली लंडनच्या कमर्शियल कोर्टाने ‘स्टार अँटारेस’ या जहाजाच्या खटल्यात निकाल दिला आणि आमची जुनी फाइल मी पुन्हा उघडली. आमच्या बिल ऑफ लेडिंगवर (जहाजात भरलेल्या मालाची पावती आणि वाहतुकीच्या अटी) अगदी तेच वाक्य होते: जनरल ॲव्हरेजचा, म्हणजे अशा वाटणीचा, हिशेब ‘यॉर्क-अँटवर्प नियम 1994 किंवा त्यानंतरचा कोणताही बदल’ यांप्रमाणे होईल. बिल 2015 मधले, छापील नमुना मात्र नव्वदच्या दशकातला. जुने नमुने डोळे झाकून वापरण्याची या धंद्यातली सवय किती महागात पडते, हे तेव्हा कळले.

जहाज नदीच्या मुखाशी वाळूत रुतले. साल्व्हेजवाल्यांच्या, म्हणजे संकटातली जहाजे मोबदला घेऊन सोडवणाऱ्यांच्या, टगांनी (ओढबोटींनी) ओढून काढले. अशा वेळी सगळ्यांना वाचवण्यासाठी मुद्दाम केलेला खर्च जहाज आणि माल यांनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा, हेच जनरल ॲव्हरेज. मालवाल्याने ॲव्हरेज बॉन्ड (आपला वाटा भरण्याची लेखी हमी) आणि विमा कंपनीची गॅरंटी दिल्याशिवाय जहाजमालक माल सोडत नाही. मग ॲव्हरेज ॲडजस्टर हिशेब मांडतो आणि त्यात वर्षे जातात. आमचा 2018 मध्ये आला. आम्ही मालाच्या विमा कंपन्यांच्या बाजूने होतो.

आकडे गोल करून सांगतो. जहाजाची किंमत 2 कोटी डॉलर, मालाची 1 कोटी. मालवाल्यांनी साल्व्हेजवाल्यांशी लवकर तडजोड करून 8 लाख दिले. जहाजमालक लवादापर्यंत लढला आणि त्याला व्याज-वकिलीसह 24 लाख मोजावे लागले. ॲडजस्टरने 1994 चे नियम लावून हे 32 लाख एकत्र केले आणि 2:1 ने वाटले. मालाचा वाटा झाला 10 लाख 67 हजार. म्हणजे शहाणपणाने लवकर मिटवणाऱ्याने, लढत बसलेल्याला वर 2 लाख 67 हजार द्यायचे. त्याखेरीज जहाजमालकाच्या खर्चावर 2 टक्के कमिशन (खलाशांचा पगार व जेवणखाण आणि प्रवासात पुन्हा न भरलेले इंधन वगळून), आणि हिशेब निघाल्यानंतर तीन महिन्यांपर्यंत 7 टक्के व्याज.

याच नियमांची पुढची, 2004 ची आवृत्ती लावली तर चित्र पालटते. साल्व्हेज प्रत्येकाने आपापले भरलेले असेल तर ते हिशेबात येतच नाही. कमिशन नाही. आसऱ्याच्या बंदरात जहाज अडकून असताना खलाशांचा पगार नाही. व्याजाचा दर सीएमआय, म्हणजे हे नियम सांभाळणारी संघटना, दरवर्षी ठरवणार, आणि त्या काळात तो 7 च्या निम्म्याहूनही कमी होता.

मग प्रश्न आला: 2004 चे नियम 1994 च्या नियमांचा ‘बदल’ आहेत, की वेगळेच नवे नियम? उत्तर कोणत्याही देशाच्या कायद्यात नाही, कारण हे नियम कोणत्याही संसदेने केलेले नाहीत. ते वकिलांच्या संघटनांनी केले आणि सहसा करारात लिहिले तरच लागू होतात. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी रद्द होत नाही. त्यामुळे आम्ही या संघटनांचा इतिहास काढून बसलो. आमच्याकडे त्याला शोभेची माहिती समजतात. मला तो या दाव्यातला मुख्य पुरावा वाटला.

1860 ची ग्लासगोची बैठक, 1864 चे यॉर्क नियम, 1877 मध्ये अँटवर्पला त्यांची सुधारणा. अँटवर्पचे काम ज्या संस्थेने केले ती 1873 मध्ये ब्रुसेल्सला स्थापन झाली होती, राष्ट्रांमधला कायदा सुधारून तो संहितेत आणण्यासाठी. पहिले अध्यक्ष अमेरिकन वकील डेव्हिड डडली फील्ड. 1895 मध्ये तिचे नाव इंटरनॅशनल लॉ असोसिएशन झाले. 1890 आणि 1924 च्या आवृत्त्या तिच्याच. दरम्यान 1897 मध्ये अँटवर्पला सीएमआय, म्हणजे कोमिते मारितीम इंटरनॅशनल, उभी राहिली. देशोदेशीच्या सागरी कायद्याच्या संघटना हे तिचे मुख्य सभासद. 1950 पासून हे नियम तिच्याकडे आहेत: 1974 हॅम्बुर्ग, 1994 सिडनी, 2004 व्हँकुव्हर, 2016 न्यूयॉर्क.

जहाजमालकाच्या वकिलांनी याच इतिहासातून चांगला मुद्दा काढला. 1990 मध्ये सीएमआयने 1974 च्या आवृत्तीतला फक्त साल्व्हेजचा नियम सहा दुरुस्त केला आणि नाव ठेवले ‘1974, 1990 मध्ये सुधारित’. बदल म्हणतात तो हा. 2004 ही नवी आवृत्ती. शिवाय 2004 चे नियम विमा कंपन्यांच्या आग्रहाने झाले, जहाजमालकांनी ते नाकारले आणि बिम्कोने, म्हणजे जहाज-करारांचे छापील नमुने काढणाऱ्या संघटनेने, ते आपल्या नमुन्यांत घेतलेच नाहीत. ज्याला बाजाराने स्वीकारले नाही तो ‘बदल’ कसा?

आम्ही कचरलो, हे मान्य करतो. जहाजमालकाने कमिशन सोडले, व्याज कमी केले. साल्व्हेज मात्र हिशेबात राहिले आणि आम्ही सही केली. सीएमआयने 2004 मध्ये दोन्ही बाजूंना सोबत न घेता पुढे जायला नको होते, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. 2016 मध्ये तिनेच मधला रस्ता काढला: साल्व्हेज परत आले, पण ठरावीक परिस्थितींतच. त्यांतली एक म्हणजे बऱ्याच पक्षांनी अगदी वेगवेगळ्या अटींवर तडजोड केलेली असणे. त्या अटींची तुलना करताना व्याज आणि वकिलीचा खर्च धरत नाहीत, म्हणजे आमचे 24 आणि 8 तसेच समोरासमोर ठेवता आले नसते.

‘स्टार अँटारेस’मध्ये वाद 2016 च्या नियमांचा होता. न्यायालय म्हणाले, ‘त्यानंतरचा कोणताही बदल’ या शब्दांत नवी आवृत्ती येते. 2016 चे नियम जहाजमालकांनीही स्वीकारलेले होते, 2004 चे नव्हते. हा फरक न्यायालयाला पटला असता का, यावर आमच्या ऑफिसात दोन मते आहेत. वरिष्ठांच्या मते आम्ही हरलोच असतो. मी शब्दांकडे बघतो: ‘कोणताही’. बाजाराने स्वीकारलेला, असे तिथे लिहिलेले नाही. आणि आमच्या बिलावरची तारीख 2015 ची. त्या दिवशी 1994 नंतरची आवृत्ती एकच होती, 2004 ची.