तुम्ही विचारलंत म्हणून : एसीएलच्या (गुडघ्यातल्या एका लिगामेंटच्या) ऑपरेशनची सगळ्यात चांगली पद्धत कोणती?

एमआरआयचा लिफाफा टेबलावर ठेवून मुलाचे वडील हमखास हा प्रश्न विचारतात, आणि माझे उत्तर प्रश्नानेच सुरू होते : मुलगा कोणता खेळ खेळतो, आणि काम करताना गुडघे टेकतो का?

मधोमध तुटलेले हे लिगामेंट, म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी बांधून ठेवणारा पट्टा, नुसते टाके घालून सहसा जुळत नाही, कारण सांध्यातल्या द्रवामुळे तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी धरत नाही. म्हणून रुग्णाच्याच शरीरातला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) काढून तेथे ग्राफ्ट म्हणून बसवावा लागतो. मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंगचे टेंडन घेतले तर जखम लहान राहते. मात्र घड्या घालूनही ग्राफ्टची जाडी 8 मिलिमीटरच्या आत राहिली तर तो पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो. वाटीखालच्या टेंडनचा मधला पट्टा दोन्ही टोकांच्या हाडासकट घेतला तर हाडाला हाड लवकर जुळते, पण गुडघे टेकताना पुढे दुखत राहू शकते. त्यामुळे कबड्डीपटूला मी तो आवर्जून सुचवतो, आणि फरशी बसवणाऱ्या गवंड्याला किंवा रोज नमाज पढणाऱ्याला शक्यतो नाही.

खरे तर ग्राफ्ट कुठून घेतला यापेक्षा तो कुठे बसवला हे अधिक महत्त्वाचे. सुरुवातीच्या काळात ग्राफ्ट बसवण्यासाठी मांडीच्या हाडात लागणारा बोगदा मी नडगीच्या बोगद्यातूनच पाडत असे. त्यामुळे ग्राफ्ट फार उभा बसे, आणि गुडघा पुढे सरकायचा थांबला तरी वळताना दगा देई. आता आतल्या बाजूच्या वेगळ्या छिद्रातून लिगामेंटच्या मूळ जागीच बोगदा पाडतो. गुडघा वळताना फारच निसटणाऱ्या तरुणांमध्ये बाहेरच्या बाजूनेही एक आधारपट्टी जोडतो, कारण 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 618 तरुण रुग्णांच्या चाचणीत हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट तुटण्याचे प्रमाण या पट्टीमुळे दोन वर्षांत 11 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आले होते.

मुलगा यापुढे खेळणारच नसेल, तर मी आधी तीन महिने फिजिओथेरपी सांगतो. स्वीडनमध्ये 121 तरुणांवर झालेल्या अभ्यासात, आधी व्यायाम करून गरज पडली तरच ऑपरेशन करायचे ठरलेल्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांना दोन वर्षांत ते लागलेच नाही. हे ऐकून काही वडिलांचा चेहरा उजळतो. काही मात्र लिफाफा उचलून दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात.