बामणोलीचा चढ: आवाज सापडला, बेत बदलला

मागच्या वेळी माझ्या सायकलचं घोडं जिथे अडलं होतं तिथून एकदाचं सुटलं. बामणोलीहून कासच्या पठाराकडे चढताना ३४ दातांच्या कॉगवर (मागच्या चाकाच्या सर्वांत मोठ्या दातेरी चकतीवर) होणारी कटकट आणि ऐन वळणावर चेन उडणं, दोन्ही बंद! रविवारी खालून वरपर्यंत पाय न टेकता आलो आणि टपरीवर लागोपाठ दोन चहा घेतले.

सेटअप तोच: ५०-३४ क्रँक (पेडलकडच्या दोन चकत्यांचे दात), शिमानो १०५चा लाँग केजचा मागचा डिरेलर (चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणारा भाग), मागे ११ कॉग म्हणजे ११ स्पीड, डिस्क ब्रेक, २८ मिमीचे टायर. ११-३२ची कॅसेट (मागच्या कॉगांचा संच) काढून ११-३४ टाकली ती या एका चढासाठी. शिवसागर (कोयना धरणाचा जलाशय) काठोकाठ भरला की पाणी ६५९ मीटरवर असतं आणि कासचा सडा (कातळाचं पठार) १२००च्या आसपास. म्हणजे साडेपाचशे मीटरची चढाई, तीही सकाळी यवतेश्वरचा घाट मारून झाल्यावर. पुढच्या ३४ला मागचं ३४ लावलं की क्रँकच्या एका फेऱ्याला चाकाचा एकच फेरा, ६० केडन्सला (मिनिटाला पेडलचे साठ फेरे) ताशी साधारण पावणेआठ किलोमीटरचा वेग. गुडघ्यांना तेवढा आधार पुरतो.

आवाजाने मात्र जीव मेटाकुटीला आणला होता. स्टँडवर काहीच नाही. यवतेश्वरला २७वरच भागतं, त्यामुळे तिथेही नाही. सड्यावर तर नाहीच. बामणोलीच्या चढाला मोठ्या कॉगवर जाऊन जोर लावला की हजर. डिरेलर ज्यावर लटकतो तो हँगर गेज लावून पाहिला, सरळ. बी-स्क्रू आवळून डिरेलरची वरची पुली कॉगपासून लांब नेली, फरक शून्य. केएमसीची नवी चेन घातली. बॉटम ब्रॅकेट (क्रँकचं बेअरिंग) उघडून ग्रीस भरलं, पेडलचे आटे साफ केले. जांभ्याचा लाल चिखल आत बसला असेल म्हणून कॅसेट ब्रशने घासून काढली. पुढच्या राइडला कटकट तशीच.

शेवटी चाक काढून मांडीवर घेतलं, कॅसेट पाच बोटांत धरली आणि हलवली. हलली! अगदी केसभर, पण अख्खी कॅसेट डुलत होती. कॅसेट आवळून धरणाऱ्या लॉकरिंगला टॉर्क रेंच (किती घट्ट ते दाखवणारा पाना) लावला तर ४० न्यूटन-मीटर बरोबर दाखवतोय. चेन व्हिप (कॅसेट फिरू न देणारं हत्यार) घेऊन सगळं उतरवलं आणि उलगडा झाला. शिमानो एचजी ८००ची ११-३४ ही अकरा स्पीडची असूनही जुन्या ८-९-१० स्पीडच्या फ्रीहबच्या (चाकाच्या ज्या भागावर कॅसेट चढते त्याच्या) मापाने बनवलेली असते. रोडच्या ११ स्पीड फ्रीहबवर ती चढवायची तर मागे १.८५ मिमीची कडी लागते. दुकानात कॅसेट बसवून दिली तेव्हा ती घातलीच नव्हती. लॉकरिंग कॉगवर न बसता फ्रीहबच्या तोंडावर टेकून घट्ट होत होतं, म्हणून टॉर्कचा आकडा बरोबर आणि कॅसेट सैल.

कडी घातली की कॅसेट तेवढीच बाहेर सरकते. त्यामुळे डिरेलरचे एच आणि एल (चेन बाहेर आणि आत किती जाईल ते ठरवणारे) दोन्ही स्क्रू नव्याने लावा. एल तसाच ठेवलात तर चेन थेट स्पोकमध्ये. माझं आता ठाम मत झालंय: पहिल्या मल्टिटूलच्या आधी चेन व्हिप आणि लॉकरिंग टूल घ्यावं.

ब्रेकचे पॅड कुठले बरे, असं तुम्ही विचारलं होतंत. पावसात कासचा उतार रेझिन पॅड भराभर खातो, मी मेटलवर गेलोय. रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) 'फक्त रेझिन' लिहिलेलं नाही ना, ते आधी पाहा.

आणि काय दिवस होता! सोनकीची पिवळी फुलं उताराला आलीत, पण कातळावरच्या ओलीत सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ठिपके अजून आहेत. हंगामात शनिवार-रविवारी सातला यवतेश्वरच्या वर असायलाच हवं, नंतर गाड्यांची रांग लागते.

पुढचा बेत बामणोलीहून लाँचने तापोळा, तिथून महाबळेश्वर आणि मेढ्यामार्गे सातारा असा होता. लाँचवाल्यांशी सायकलीचं बोलणंही करायचं होतं. पण लिहितालिहिता दुसरंच सुचलं. कासच्या रस्त्यावरून उरमोडीच्या खोऱ्यापलीकडे सज्जनगड आणि ठोसेघरची रांग समोर दिसते. आधी हा सडा, मग खाली उतरून परळी, सज्जनगडाला वळसा घालून ठोसेघर आणि वर चाळकेवाडीच्या पवनचक्क्या. दोन सडे आणि मधलं खोरं, एकाच दिवसात. कडी बसल्यापासून पायांवर भरवसा आलाय, तापोळा डिसेंबरला जाईल. चाळकेवाडीला आडवा वारा असतो, तेव्हा डीप रिमची (उंच कडांची) चाकं घरीच.

सडावाघापूरवरून तारळ्याकडे कुणी या पावसानंतर उतरलंय का? डांबर शिल्लक असेल तर परतीला पाटण बाजू जोडता येईल. खडी असेल तर २८चे टायर काढून ३२चे घालतो, फ्रेममध्ये जागा आहे.