संकल्पचित्राचा पेपर

रविवार, रात्री

ऑफिसातल्या नव्या मुलीने विचारलं, "मॅडम, डिझाइनकडे कशा वळलात?" मी कॉलेजचं नाव सांगितलं. पण खरी सुरुवात आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांपासून आहे.

सर एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, झालेले. फळ्यावरचे सुविचार आणि गॅदरिंगचे बॅनर यांतच त्यांचं वर्ष जायचं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांचे जादा तास मात्र ते सकाळी शाळेआधी, फुकट घ्यायचे. संकल्पचित्रात, म्हणजे नक्षीच्या पेपरात, आम्ही फुलं-पानं कोंबायचो. सर फुलांकडे बघायचेच नाहीत. "मध्ये उरलेली जागा कुठल्या आकाराची झालीय ते सांग," म्हणायचे. अक्षरलेखनात 'ळ' आणि 'क्ष' घोटून घ्यायचे, आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी. तेव्हा कंटाळा यायचा. पुढे उपयोजित कलेला (कमर्शियल आर्टला) गेल्यावर लोगो करताना पहिला विचार रिकाम्या जागेचाच सुचायला लागला.

कॉलेजात भेटले ते सुलेखनकार र. कृ. जोशींच्या हाताखाली तयार झालेले लोक. जोशी सर स्वतः जाहिरातीतून आलेले, कवी, १९८३ ते १९९६ पवईच्या आयआयटीत आयडीसी या डिझाइन विभागात शिकवत होते. २००८मध्ये ते गेले. विंडोजमधला देवनागरी 'मंगल' फॉन्ट त्यांचा. सरकारी कचेऱ्यांतून त्यात किती परिपत्रकं टाइप झाली असतील! टाइप करणाऱ्याला नाव ठाऊक नसतं, ते सोडा.

सुलेखनकार अच्युत पालव त्यांना गुरू मानतात. जे.जे.तून बाहेर पडल्यावर पालव मोडी लिपीच्या अभ्यासाला लागले आणि त्यांचं अक्षर पुढे पार वेगळ्याच वळणाचं झालं. मला जोशी सरांचं मोठेपण यातच दिसतं. नाहीतर काही नावाजलेल्या मास्तरांचे विद्यार्थी प्रदर्शनात लांबूनच ओळखू येतात, सगळ्यांचा फटकारा एकच!

भाची यंदा इंटरमिजिएटला बसतेय. तिच्या शाळेत चित्रकलेला शिक्षकच नाही, तो तास गणिताला जातो. क्लासमध्ये ठरावीक संकल्पचित्रं पाठ करून घेतात. प्रश्न काहीही येवो, त्यातलं एखादं बसवायचं. ग्रेड मिळेल, दहावीला वाढीव गुणही मिळतील. ताईला तेवढंच हवंय, तिचंही चुकत नाही म्हणा.

परीक्षा झाली की पोरीला बोरू आणून देणार आहे. तासलेला नाही, नुसती काडी. टोक तिचं तिनेच काढायचं.