कोरडा ओढा निळा काढू नका

पाणी म्हटलं की निळी रेघ, ही सवय मराठवाड्याचा नकाशा करताना सोडावी लागते, असं माझं ठाम मत आहे. मी केज, अंबाजोगाई भागातल्या गावांसाठी पाणलोटाचे नकाशे करते. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाचा डेटा क्यूजीआयएस या नकाशे करायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडला की मांजरा नदी आणि गावामागचा ओढा दोन्ही सारखेच निळे दिसतात. नवख्या माणसाचा समज होईल की इथं पाण्याला तोटा नाही. याच मांजरेवरचं धरण आटलं म्हणून २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट, म्हणजे भूरूप दाखवणारे छापील नकाशे, काढून बघा. त्यात कोरडे नाले काळ्या रेघेनं काढलेत, निळा रंग पाण्यासाठी राखून ठेवलाय. मला ही शिस्त फार आवडते. क्यूजीआयएसमध्ये ‘रूल-बेस्ड’, म्हणजे नियमानुसार रेघ बदलणारी, स्टाइल घेऊन दोन नियम लिहायचे: बारमाही प्रवाहाला सलग निळी रेघ, हंगामी ओढ्याला तपकिरी तुटक रेघ. तुटकच का? कारण ग्रामपंचायतीत नकाशा शेवटी झेरॉक्स होऊनच फिरतो. रंग जातो, तुटक रेघ राहते.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये हंगामी प्रवाहासाठी ‘इंटरमिटंट’ हा टॅग आहे, पण आमच्याकडच्या ओढ्यांना तो क्वचितच लावलेला सापडतो. मग कच्चा नकाशा मोठ्या कागदावर छापायचा आणि पारावर पसरायचा. एका आजोबांनी रेघेवर बोट ठेवून सांगितलं, “ताई, सगळा वढा एकसारखा नाही. ह्या वाकणापाशी डोह हाय, तिथं संक्रांतीपर्यंत जनावरं पाणी पितेत. खालचा दिवाळीलाच आटतो.” एवढं कळलं की संगणकावर ती रेघ डोहापाशी तोडायची आणि ॲट्रिब्यूट टेबलात, म्हणजे प्रत्येक रेघेची माहिती ठेवणाऱ्या तक्त्यात, ‘पाणी कधीपर्यंत’ असा रकाना घालायचा. उपग्रहाच्या चित्रातून हे कळत नाही. बंधारा कुठं घालायचा याची चर्चा मात्र त्याच रकान्यावरून सुरू होते.

उंचसखलपणासाठी एसआरटीएमचा, म्हणजे अवकाशातून रडारनं मोजलेल्या उंचीचा, ३० मीटरच्या चौकटींचा डेटा पुरतो. तो अक्षांश-रेखांशात मिळतो, म्हणून हिलशेड, म्हणजे चढउताराच्या सावल्या, करण्याआधी यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत (क्यूजीआयएसमधला तिचा कोड ईपीएसजी ३२६४३) आणावा. नाहीतर आडवं माप अंशात, उंची मीटरमध्ये आणि सावल्या भलत्याच. बालाघाटाची कड सोडली तर आपला मुलूख सपाट, तेव्हा झेड फॅक्टर, म्हणजे उंचीला गुणायचा आकडा, थोडा वाढवला की ओहोळांच्या घळी उठून दिसतात.

आता अक्षरं. नदीचं नाव अक्षरं लांब लांब ठेवून वळणावर फिरवायचं, ही रोमन लिपीच्या नकाशांची पद्धत. देवनागरीत तसं केलं की शिरोरेखा तुटते आणि ‘मांजरा’ वाचताना डोळा अडखळतो. मी अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवते, लेबल ‘कर्व्ह्ड’ (वळणारं) ऐवजी ‘पॅरलल’ (रेघेला समांतर, सरळ) लावते आणि ‘मुक्त’ हा फॉन्ट वापरते. लहान आकारातही त्याच्या मात्रा, अनुस्वार स्वच्छ येतात. भोवती पांढरी कड बारीकच द्यावी, जाड झाली तर खालचा ओढाच झाकून जातो. नावंही गावात म्हणतात तीच लिहावीत. सरकारी यादीतला ‘नाला क्रमांक’ पारावर कुणालाच ओळखू येत नाही.